विषय देऊन भीती घडवता येत नाही

२०२५ च्या मे महिन्यात भोंगे वाजवून मॉक ड्रिल झाली ते अजून सगळ्यांच्या डोक्यात असेल. त्याला महिनाही झाला नव्हता आणि मला व्हॉट्सअॅपवर एका ग्रुप शोचं आमंत्रण आलं. विषय युद्ध आणि जागतिक अनिश्चितता, शिल्पकार बारा, साइज तीन फुटांच्या आत, तीनशे शब्दांची कन्सेप्ट नोट आधी पाठवायची आणि काम पंचेचाळीस दिवसांत पोचवायचं. आता ज्याने कधी ओतकाम केलंय त्याला माहिती आहे की शाडूत काम उभं करायचं, मग मोल्ड, मग मेण, मग भट्टी, मग फिनिशिंग आणि पटीना म्हणजे धातूवर रसायनांनी चढवायचा रंग, यात पंचेचाळीस दिवस म्हणजे विचार करायला एक दिवसही उरत नाही. मी नाही म्हणालो. आमंत्रण देणारा माणूस चांगला आहे, त्याचा हेतूही चांगला होता, त्याला वाईट वाटलं आणि तो म्हणाला की अरे जग पेटलेलं असताना कलाकारांनी गप्प बसायचं का. हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, म्हणून हे लिहितोय.

गप्प बसायचं नाही हे मला मान्यच आहे. युक्रेन २०२२ पासून जळतोय, गाझात जे झालं ते रोज मोबाइलवर बघून बघून आपण बधिर झालोय, आणि शिल्पकार हा शेवटी माणसाच्या शरीरावर काम करणारा माणूस, युद्ध पण शरीरावरच काम करतं, मग त्याला काहीच वाटलं नाही तर तो शिल्पकार कसला. पण वाटणं वेगळं आणि विषय मिळाला म्हणून बनवणं वेगळं. माझं म्हणणं एवढंच आहे की युद्ध शिल्पात माणसाच्या आयुष्यातून आणि हाताखालच्या मटेरियलमधून आलं तरच टिकतं, वरून विषय म्हणून उतरवलं की ते पोस्टर होतं, आणि ते कोणीही उचलून आपल्या कामाला वापरू शकतं. हे मी हवेत बोलत नाहीये. याचं एक फार चांगलं उदाहरण सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं आहे, ब्रिटिश शिल्पकारांचं, एकाच्या पाठोपाठ एक झालेली दोन प्रदर्शनं.

पहिलं १९५२ चं व्हेनिस बिएनाले, इटलीत दर दोन वर्षांनी भरणारं आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन. ब्रिटिश पॅव्हेलियनमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या दालनात, आठ तरुण शिल्पकार एकत्र मांडले होते, रॉबर्ट अॅडम्स, केनेथ आर्मिटेज, रेग बटलर, लिन चॅडविक, जेफ्री क्लार्क, बर्नार्ड मेडोज, एदुआर्दो पाओलोझी आणि विल्यम टर्नबुल. एकही चाळिशीच्या पुढचा नव्हता. पॅव्हेलियनच्या बाहेर हेन्री मूर या नावाजलेल्या ब्रिटिश शिल्पकाराचं मोठं काम ठेवलं होतं, म्हणजे दारात वडीलधारा माणूस आणि आत ही सगळी पोरं. आतली कामं मात्र मूरसारखी गोल, भरीव, शांत नव्हती. ती काटकुळी होती, टोकदार, गंजकी, कुठे नांगी, कुठे बरगड्या, कुठे चार पायांवर कसंबसं उभं राहिलेलं काहीतरी. कॅटलॉगमध्ये हर्बर्ट रीड या समीक्षकाने त्यांच्यासाठी जो शब्द वापरला तो आजपर्यंत त्यांना चिकटून आहे, भीतीची भूमिती.

तो काळ आठवा. महायुद्ध संपून सात वर्षं झाली होती पण ब्रिटनमध्ये मटण अजून रेशनवर होतं, कोरियात लढाई चालू होती, आणि हे प्रदर्शन चालू असतानाच ३ ऑक्टोबर १९५२ ला ब्रिटनने ऑस्ट्रेलियाजवळच्या माँटे बेलो बेटांवर स्वतःचा पहिला अणुबॉम्ब फोडला. म्हणजे अनिश्चितता हा शब्द आज आपण वापरतो त्यापेक्षा त्यांना कमी लागू नव्हता. तरी या आठांपैकी एकालाही कोणी सांगितलं नव्हतं की बाबा युद्धावर काम कर. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मग युद्ध त्यांच्या कामात आलं कुठून? प्रत्येकाच्या अंगावरून गेलेलं होतं, आणि प्रत्येकाचं वेगळं. पाओलोझीचे आईबाप इटालियन, स्कॉटलंडमध्ये एडिनबरोच्या लीथ भागात त्यांचं आइस्क्रीमचं दुकान. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि सोळा वर्षांच्या या मुलाला शत्रू देशाचा म्हणून तीन महिने तुरुंगात ठेवलं. त्याचे वडील, आजोबा आणि आणखी एक जवळचा नातेवाईक यांना अरँडोरा स्टार नावाच्या बोटीत घालून कॅनडाला पाठवत होते, २ जुलैला जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली, आठशेहून जास्त माणसं गेली, त्यात हे तिघंही. आता हा मुलगा पुढे शिल्पकार होऊन मोडक्या यंत्रांचे तुकडे, भंगार, खडबडीत पृष्ठभाग यांच्यातून माणूस जुळवत बसतो, त्याला कन्सेप्ट नोट मागणार का तुम्ही?

चॅडविक नौदलाच्या हवाई दलात पायलट, अटलांटिकवर जहाजांच्या ताफ्यांना सोबत करणारी विमानं चालवायचा. आर्मिटेज सैन्यात शिकवायचा, काय शिकवायचा तर शत्रूचं विमान कुठलं आणि आपलं कुठलं, रणगाडा कुणाचा, हे नुसत्या बाह्याकृतीवरून कसं ओळखायचं. मला हे वाचलं तेव्हा आर्मिटेजची वाऱ्यात चाललेली माणसं एकदम वेगळी दिसायला लागली, सगळी मिळून एकच सपाट आकार, त्यातून फक्त डोकी आणि हातपाय बाहेर. वर्षानुवर्षं आकाशातली काळी आकृती बघून जीव वाचवायला शिकवणाऱ्या माणसाचे डोळे आहेत ते, असं मला वाटतं, त्याने असं म्हटलंय असा माझा दावा नाही. मेडोज हवाई दलात असताना हिंद महासागरातल्या कोकोस बेटांवर होता, तिथे खेकडेच खेकडे. घरी आल्यावर त्याने वर्षानुवर्षं खेकडे केले. कोकणातल्या माणसाला खेकडा काय ते सांगायला नको, पाठीवर चिलखत, पुढे नांग्या, आणि आत मऊ. कवचातला घाबरलेला माणूस सांगायला याहून चांगली गोष्ट कुठली सापडणार, आणि ती त्याला शोधावी लागली नाही, त्याच्या पायाखालीच होती.

आणि बटलर. हा तर लढलाच नाही. त्याने शस्त्र हातात घ्यायला सदसद्विवेकाने नकार दिला, आणि युद्धाची वर्षं ससेक्समधल्या एका खेड्यात लोहारकाम केलं, शेतीची अवजारं दुरुस्त करत. मूळचा आर्किटेक्ट. त्या भट्टीवर त्याचा हात लोखंडाला सरावला आणि पुढे त्याने घडवलेल्या लोखंडाच्या बायकांच्या ज्या आकृती केल्या त्या सगळ्या त्या लोहारशाळेतून आल्या. म्हणजे बघा, एकाच प्रदर्शनात एक पायलट, एक युद्धाला नकार देणारा, एक तुरुंगात टाकलेला पोरगा. युद्ध सगळ्यांना माहीत होतं, पण मत एक नव्हतं, आणि एक असायची गरजही कोणाला वाटली नाही.

आता मटेरियलचं बोलतो कारण माझं पोट त्याच्यावर आहे आणि कलेवर लिहिणारे लोक नेमकं इथेच घाईत पुढे जातात. ब्राँझ महाग. त्या काळात कोणा तरुणाला ब्राँझमध्ये मोठं काम ओतणं परवडत नव्हतं. लोखंडी सळई, पत्रा हे मिळत होतं. १९५० मध्ये बटलर आणि चॅडविक दोघंही एका ऑक्सिजन कंपनीच्या वेल्डिंग शाळेत जाऊन गॅस वेल्डिंग शिकले, जिथे कारखान्यातले कामगार शिकायचे तिथे. मग चॅडविकने स्वतःची पद्धत बसवली, सळ्या वेल्ड करून त्रिकोणांचा सांगाडा करायचा आणि मधल्या रिकाम्या जागा जिप्सम आणि लोखंडाच्या कीसाच्या लगद्याने भरायच्या. नेहमीच्या कामात आर्मेचर, म्हणजे आधाराचा सांगाडा, आत लपतं, मातीच्या पोटात जातं, वरून मांस आणि कातडी दिसते. इथे सांगाडाच बाहेर राहिला. बरगड्या मोजता येतात. १९४५ मध्ये नाझींच्या छळछावण्या उघडल्यावरचे फोटो ज्या लोकांनी पेपरात बघितले होते त्यांना बरगड्यांचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरमध्ये फाउंड्रीच्या लोकांबरोबर बरीच वर्षं काम करतोय, आणि वेल्डिंगबद्दल एक गोष्ट मला तिथे कळली की वेल्डिंग हे जोडणं आहे पण जोड दिसतो. माती पुसता येते, दगड पॉलिश होतो, वेल्डचा टाका मात्र ग्राइंडर मारून मारून सपाट केला तरी जाणत्याला कळतो. मोडलेलं जोडल्याची खूण. म्हणून मला वाटतं की त्या पिढीने लोखंड निवडलं त्यात परवडण्याचा भाग होताच, पण लोखंडानेही त्यांना निवडलं. युद्धानंतरचा माणूस कसा आहे हे सांगायची सोय संगमरवरात नव्हती, ती भंगारात होती.

म्हणून ते प्रदर्शन चाललं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे आल्फ्रेड बार यांनी तिथून कामं विकत घेतली, आणि चारच वर्षांनी १९५६ च्या बिएनालेत चॅडविकला शिल्पकलेचं आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळालं, जे जाकोमेत्ती या नामवंत स्विस शिल्पकाराला मिळेल असं बऱ्याच जणांना वाटत होतं. पण मी प्रदर्शनाची आरती ओवाळत नाहीये. दोन गोष्टी मला तेव्हाच्याही खटकतात. एक म्हणजे ते लेबल. रॉबर्ट अॅडम्सचं काम बघा, शुद्ध आकारांचं, संयमी, त्यात नांग्याही नाहीत आणि किंकाळीही नाही, तरी तो भीतीच्या भूमितीत मोजला जातो कारण तो त्या खोलीत होता. शब्द चांगला सापडला की तो कामावर झाकणासारखा बसतो, आणि मग लोक काम बघायच्या आधी झाकण बघतात. दुसरी गोष्ट, हे प्रदर्शन ब्रिटिश कौन्सिलने पाठवलं होतं, म्हणजे सरकारच्या पैशाने. आमच्याकडे कलाकार घाबरायलाही मोकळा आहे, हे जगाला दाखवायची सोय त्यात होतीच. तरी पण, आणि हा माझ्या दृष्टीने फरक आहे, कामं आधी झाली होती. लेबल नंतर आलं, सरकार नंतर आलं. त्यामुळे लेबल काढून टाकलं तरी मेडोजचा खेकडा खेकडाच राहतो.

आता १९५२ च्या पुढच्याच वर्षी काय झालं ते बघा. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्सने, जिच्या संस्थापकांत हेच हर्बर्ट रीड होते, एक आंतरराष्ट्रीय शिल्पस्पर्धा जाहीर केली होती. विषय, अज्ञात राजकीय कैदी. केवढा मोठा विषय, केवढा उदात्त. ५७ देशांतून साडेतीन हजारांच्या आसपास शिल्पकारांनी त्यासाठी नावं दिली आणि मार्च १९५३ मध्ये लंडनच्याच टेट गॅलरीत निवडक मॉडेल्स मांडली. पहिलं बक्षीस रेग बटलरला, आमच्या त्याच लोहाराला. खडकावर एक उंच लोखंडी मनोरा, पिंजऱ्यासारखा, अँटेनासारखा, आणि खाली तीन बायका वर बघत उभ्या. कैदी कुठेच नाही. पश्चिम बर्लिनमध्ये ते भव्य प्रमाणात उभारायचं ठरलं.

सोव्हिएत गटातले देश स्पर्धेत उतरलेच नाहीत, कारण कैदी कोणाचे म्हणायचेत हे त्यांना कळत होतं. पैसा कोणाचा हे जाहीर केलं नव्हतं, एक निनावी अमेरिकन दाता एवढंच. स्पर्धेचं सगळं चालवणारा अँथनी क्लोमन पूर्वी अमेरिकेच्या वकिलातीत सांस्कृतिक अधिकारी होता, आणि तो निनावी दाता जॉन हेय व्हिटनी हा अमेरिकन धनाढ्य होता हे पुढे अभ्यासकांनी बाहेर काढलं. म्हणजे शीतयुद्धातली एक बाजू पैसे देते, विषय देते, आणि साडेतीन हजार शिल्पकार, ज्यातल्या बहुतेकांचं मन नक्की स्वच्छ होतं, त्या बाजूसाठी काम करून बसतात. बटलरवर माझा राग नाही. त्याने प्रामाणिकपणे केलं असणार. पण विषयच असा होता की त्यात प्रामाणिकपणाला फारशी जागा नव्हती, अज्ञात म्हटल्यावर कुठलाच तुरुंग नको, कुठलंच नाव नको, कुठलाच जेलर नको.

प्रदर्शन उघडल्यावर लगेचच एक माणूस टेटमध्ये आला, बटलरचं मॉडेल उचललं आणि मोडून टाकलं. तो हंगेरीहून आलेला निर्वासित होता, स्वतः कलाकार. त्याचं म्हणणं साधारण असं होतं की हे राजकीय कैदी माणसं होती आणि आहेत, त्यांना भंगाराच्या तुकड्यांत बदलणं हाही गुन्हाच आहे. दुसऱ्याचं काम मोडणं मला अजिबात मान्य नाही, मी शिल्पकार आहे, मोडलेल्या मॉडेलचा फोटो बघून माझ्या पोटात कसंतरी होतं. पण त्या माणसाचं म्हणणं मला खोडता येत नाही. ज्याच्या देशात खरे कैदी होते त्याला त्या मनोऱ्यात आपला कोणीच दिसला नाही, तर मग तो मनोरा नक्की कोणासाठी होता? बटलरने मॉडेल परत बनवून दिलं. बर्लिनमधलं स्मारक मात्र कधीच झालं नाही.

इथे कोणी मला अडवेल आणि अडवायलाच हवं. विषय देऊन, ऑर्डर देऊन केलेली चांगली युद्धशिल्पं नाहीतच का? आहेत की. त्याच १९५३ च्या मे महिन्यात नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये ओसिप झाडकिन या शिल्पकाराचं ‘उद्ध्वस्त शहर’ हे शिल्प उभं राहिलं. १४ मे १९४० ला जर्मन बॉम्बहल्ल्यात त्या शहराचा मधला भागच गेला होता. झाडकिनने हात वर केलेली एक आक्रोश करणारी आकृती केली आणि तिच्या छातीपोटात आरपार भोक ठेवलं. रॉटरडॅमच्या माणसाला ते भोक कशाचं हे सांगावं लागत नाही, तो त्या भोकातूनच रोज ऑफिसला जातो. झाडकिन पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणारा स्वयंसेवक होता, आणि दुसऱ्या युद्धानंतर त्याने ते बॉम्बने रिकामं झालेलं शहर स्वतः पाहिलं होतं. म्हणजे विषय होता, पण कुठलं शहर, कुठली तारीख, कोणी केलं, हे सगळं ठरलेलं होतं. त्यामुळे माझं भांडण विषयाशी म्हणण्यापेक्षा असल्या मोकळ्या, कोणालाच न दुखावणाऱ्या विषयाशी आहे असं म्हणतो. जागतिक अनिश्चितता हा तसाच विषय आहे. त्याच्यात बॉम्ब टाकणारा नाही आणि मेलेलाही नाही.

आणि वेळ. केथे कोलवित्झ या जर्मन कलावतीचा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये मेला, अठरा वर्षांचा. तिने त्याच वर्षी स्मारकाचा विचार सुरू केला. मध्ये काम सोडून दिलं, परत घेतलं. शेवटी १९३२ मध्ये त्या कबरस्तानात गुडघ्यावर बसलेले आई आणि बाप ठेवले, दगडातले, एकमेकांपासून वेगळे, एकमेकांकडे न बघणारे. मुलगा त्यात नाही. अठरा वर्षं जगला आणि अठरा वर्षं लागली. मी हे पंचेचाळीस दिवसांच्या शेजारी ठेवून बघतो आणि मला खरंच कळत नाही की आपण कलाकाराकडून काय मागतोय.

आपल्याकडे शिल्पकार सोमनाथ होर यांचं उदाहरण आहे. चितगावचे, १९४२ मधला जपानी बॉम्बहल्ला आणि त्यानंतरचा बंगालचा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी बघितला, भुकेल्या माणसांची चित्रं काढली. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी जखम या एकाच गोष्टीवर काम केलं. त्यांचे ब्राँझ बघा, मेणाचे पत्रे कापून, चिरून, जाळून, जोडून केलेले, म्हणजे जखमेचं शिल्प करायच्या ऐवजी मेणालाच जखम केली आणि ती ब्राँझमध्ये ओतली. व्हिएतनामच्या लोकांसाठी म्हणून त्यांनी आई आणि मूल असं एक मोठं ब्राँझ केलं, काही वर्षं खपून, १९७७ मध्ये पूर्ण केलं आणि ते शांतिनिकेतनमधून चोरीला गेलं, परत मिळालं नाही. व्हिएतनाम बंगालपासून लांब, पण भूक आणि आगीत सापडलेलं मूल त्यांना घरून माहीत होतं. लांबच्या युद्धावर काम करायचा हक्क असा मिळतो, मला तरी दुसरा रस्ता दिसत नाही.

आणि मराठी माणूस म्हणून मला सदानंद बाकरे आठवतात. मुंबईत १९४७ मध्ये निघालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले शिल्पकार, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे यांच्याबरोबरचे. ते १९५१ मध्ये लंडनला गेले, म्हणजे हे सगळं घडत होतं त्या शहरात एक मराठी शिल्पकार राहत होता. १९७५ मध्ये परत आले आणि दापोलीजवळच्या मुरुडला राहिले, २००७ मध्ये गेले. आपल्यातल्या किती जणांना त्यांचं एक तरी शिल्प डोळ्यासमोर आणता येईल? युद्धावर शो करायला आपल्याकडे पैसे निघतात पण आपल्या एका शिल्पकाराचं काम एका जागी नीट बघायला मिळावं यासाठी निघत नाहीत. हे थोडं विषय सोडून झालं, पण लिहायचं राहून गेलं असतं तर मला चैन पडलं नसतं.

मग करायचं काय, असं तो आमंत्रण देणारा मित्र विचारेल. माझं म्हणणं असं की शोच्या बजेटमधला कॅटलॉग आणि उद्घाटनाचा खर्च कमी करा आणि बारा ऐवजी चार जणांना दोन वर्षं भट्टीचा खर्च द्या. विषय देऊ नका. कन्सेप्ट नोट मागू नका, किंवा मागायचीच तर काम झाल्यावर मागा. माजी सैनिक, नर्स, नोकरीसाठी परदेशात जाऊन युद्धात अडकून परत आलेली मुलं, यांच्याबरोबर त्या चौघांना बसू द्या, महिन्यातून एकदा, नुसतं चहा प्यायला. त्यातून एकाने खेकडा केला तर खेकडा दाखवा. एकाने काहीच केलं नाही तर रिकामा चबुतरा दाखवा आणि त्याला अजून वेळ द्या. आणि पैसा कोणाचा आहे हे दारावर मोठ्या अक्षरात लिहा. गावोगावी चौकात जुना रणगाडा रंग देऊन ठेवतात आणि त्याच्यावर पोरं बसून फोटो काढतात, मला त्या पोरांबद्दल काही म्हणायचं नाही, पण त्या रणगाड्याच्या समोर उभं राहू शकेल असं एखादं काम पंचेचाळीस दिवसांत होत नाही.

माझ्याकडे स्वतःचं एक अर्धवट पडलंय. आमच्या गल्लीतल्या एका आजींचा मुलगा सैन्यात होता, तो गेल्यावर त्या बरीच वर्षं संध्याकाळी उंबऱ्यावर बसायच्या, हात मांडीवर उलटे ठेवून, तळवे वर. ते हात मी तीन वेळा केले, दोनदा शाडूत, एकदा सळईत, तिन्ही वेळा मोडले. आजी आता नाहीत. चौथ्यांदा वेल्ड करतोय, डाव्या हाताची करंगळी अजून जमत नाहीये.